उलट्या पावलांची पलटण

रोमन सैन्य भंडारा जिल्ह्यात कधी आलं नव्हतं, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. पुस्तकांना काय, ती लिहिणारे भंडाऱ्यात राहिलेले नसतात. आलं होतं. दोन हजार दोन सालच्या एकवीस एप्रिलला, रविवारी सकाळी साडेसात वाजता, आंबागडच्या किल्ल्याखाली धानाच्या एका कोरड्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. शिपाई सोळा होते आणि ते मी आणले होते. आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, त्या सोळांतल्या पाच जणी राहिल्या नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

पुण्यात आमचं एक मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंचवीस-तीस सुशिक्षित माणसं एका शाळेच्या मैदानावर जमून ग्रीक आणि रोमन होत. ग्रीक कमी, कारण त्यांच्या पोशाखात गुडघे दिसत. मंडळाच्या प्रमुखांना आम्ही ‘कॉन्सुल’ म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते, आणि लोकरी टोगा खांद्यावर टाकून ‘रोमच्या नागरिकांनो!’ अशी हाक मारण्याआधी बायकोनं सांगितलेली कोथिंबीर स्कूटरच्या डिकीत नीट ठेवत असत.

मी गरुड धरायचे. रोमन पलटणीच्या पुढे उंच काठीवर गरुड असतो. तो धरणाऱ्याचा मान मोठा. आमचा गरुड फायबरचा होता, सोनेरी रंग दिलेला, डाव्या पंखाला एम-सील लावलेलं. नऊ वर्षं मी तो धरला. विमा कंपनीत तीस वर्षं मी ज्या ज्या खुर्चीवर बसले, तिथे समोर येणाऱ्या प्रत्येकानं आधी इकडेतिकडे बघून विचारलं होतं, ‘साहेब कुठायत?’ हातात गरुड असताना कुणी विचारत नसे. तो मला हवा होता, एवढंच सांगते.

मग पदोन्नतीवर बदली झाली. शाखाधिकारी, भंडारा. ‘म्हणजे गोंदियाच्या अलीकडे की पलीकडे?’ असं सगळ्या पुण्यानं मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं. यजमानांनी पुण्यातच राहायचं ठरवलं, त्यांची फुलझाडं होती. मंडळानं निरोपसमारंभ केला, गरुड माझ्याबरोबर दिला आणि पाठोपाठ कॉन्सुलसाहेबांनी एक नियमही काढला. बाहेरगावच्या सभासदाला पद राखायचं असेल तर त्यानं रोमच्या वाढदिवशी, म्हणजे एकवीस एप्रिलला, किमान सोळा शिपाई पूर्ण पोशाखात, एका रांगेत, चाळीस पावलं पुढे चालवून दाखवावेत. कॉन्सुल स्वतः पाहणीला येतील. न जमल्यास गरुड पुण्याला परत, सहचिटणीसांकडे. सहचिटणीस घरी पडद्याच्या दांडीवर सराव करत असत, हे मला त्यांच्या मोलकरणीकडून कळलेलं होतं.

एकवीस एप्रिल हा दिवस रोममध्ये वसंत ऋतूतला असेल. भंडाऱ्यात त्या दिवशी कावळे सावली शोधतात.

मी सुरुवात ऑफिसातल्या पुरुषांपासून केली. पहिल्या रविवारी आठ जण आले. शंभर शिपायांवर एक सेंच्युरियन असतो, असं मी समजावून सांगितलं. आठही जणांनी सेंच्युरियन व्हायची तयारी दाखवली. शिपाई कोण, असं विचारल्यावर सगळे नोकरीत नव्यानं लागणाऱ्या माणसाची वाट बघायला लागले. दुसऱ्या रविवारी तिघे आले. तिसऱ्या रविवारी फक्त प्रफुल्ल आला.

प्रफुल्ल आमच्याकडे आवक-जावक बघायचा. आंबागडचा, वयानं तिशीतला, वाचनाचं वेड असलेला. एकटा आला याचं त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, ‘मॅडम, रोमन सैन्य हारलं कसं ते मी वाचलं हाय. जिंकलं कसं ते पाहाचं होतं.’

घरमालकीण चंद्रभागाबाईंना मी नाटक बसवतेय याबद्दल शंकाच नव्हती. इकडच्या भागात हिवाळ्यात गावोगावी नाटकं होतात, त्यामुळे माणूस रंगीत कपडे शिवायला लागला की तो नाटक करणार हे उघड असतं.

‘गानी किती हायेत?’ त्यांनी विचारलं.

‘गाणी नाहीत.’

‘एकबी नाई?’

‘रोमन सैन्य आहे हो. रांगेत चालतं.’

‘आन् मंग?’

‘मग थांबतं.’

चंद्रभागाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी डॉक्टर रिपोर्ट बघताना बघतो. ‘मॅडम, वडशाहून नाटक कंपनी बोलवा. दोन गानी, एक रडाचा सीन. तुमाले येवढं शिक्षन असून लोकं काहून हसवून घेऊन राहिल्या?’

शिरस्त्राणं मी धनीरामकडे टाकली. भंडाऱ्यात पितळेचं काम करणारे हात पिढ्यान् पिढ्यांचे. पुस्तकातलं चित्र धनीरामनं तीन वेळा उलटंसुलटं करून पाहिलं, आणि मी निघाल्यावर जे आयुष्यभर केलं तेच केलं: पाण्याचे सोळा गुंड, म्हणजे पितळी घागरी, ठोकले आणि ते उलटे केले. पोट वर, तोंड खाली. ‘गालाला झापड होती ना चित्रात?’ मी म्हटलं. ‘कायले पायजे? गरम होते,’ तो म्हणाला. ‘आन् हे पाहा, तुमचं काम झालं का सरळ करा, पानी भरा.’ बुडाला लाल झाडूचे केस चिकटवले तर लांबून अगदी रोम वाटत होतं. फक्त त्या शिरस्त्राणाला पुढची बाजू नव्हती. मागचीही नव्हती.

ढालींसाठी बैलबंडीला लावतात ते बांबूचे तट्टे घेतले. ते मुळातच वाकलेले असतात, रोमन ढालीसारखे. लाल रंग दिला. हे एकच काम पूर्ण उद्योगात पहिल्या फटक्यात जमलं, म्हणून नोंदवते.

आता जागा. मला किल्ला हवा होता. परवानगीच्या अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना होता: विवाह, धार्मिक, राजकीय, नाट्यप्रयोग, इतर. ‘इतर’वर पेनानं काट मारलेली होती.

‘हे का खोडलंय?’ मी कारकुनाला विचारलं.

‘मांगं एकानं त्याच्यात भरलं होतं,’ तो गंभीरपणे म्हणाला. आणि त्यानं पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी ‘नाट्यप्रयोग’ लिहिलं. त्यानं संहिता मागितली. मी म्हटलं, संवाद नाहीत. मग संवाद नसल्याचा दाखला मागितला. तो मी स्वतःच टाइप करून, स्वतःच सही करून दिला, त्यावर त्याचं समाधान झालं. पण किल्ल्याची फाइल सापडेना. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याला तीन वर्षं झाली होती. फुटला तेव्हा फायलींची वाटणी करायला वेळ नव्हता, म्हणून कपाटांची वाटणी झाली. आंबागड भंडाऱ्यात राहिला, त्याचं कपाट गोंदियाला गेलं.

मी रजा टाकून गोंदियाला गेले. कपाट होतं. हिरवं, मोठं, खिडकीत आडवं लावलेलं, वर तुळशीची कुंडी. त्याची किल्ली भंडाऱ्याला होती. भंडाऱ्याला परत आले तर किल्ली होती, पण ती गोंदियाची मालमत्ता असल्यामुळे गोंदियाचं पत्र लागत होतं. किल्ल्याचा नाद मी तिथे सोडला. रोमनांनी दोन हजार वर्षांत जे साम्राज्य घालवलं, ते एका किल्लीसाठी परत मिळवायची माझी ऐपत नव्हती.

प्रफुल्ल म्हणाला, ‘मॅडम, आमची बांधी हाय ना किल्ल्याखाली. खरिपाचं धान निघालं, कोरडी पडून हाय. फोटोत मांगं किल्ला येते.’

अशा रीतीनं मार्चच्या एका रविवारी मी एसटीनं आंबागडला गेले. ऑफिसातले दोघे गयावया करून आणलेले, प्रफुल्ल तिसरा. तिघे बांधीत चालत होते आणि मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या उंच कडेवरून, आकडे मोजत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

‘हे रांग हाय का बैलमुतनी?’

चालता चालता बैल जी ओली रेघ सोडतो तिच्यात सगळं असतं, सरळपणा नसतो. त्या पार्वताबाई होत्या, प्रफुल्लची मोठी मावशी. गावातल्या धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, बायांची टोळी त्यांच्या हाताखाली होती. साठीच्या आतबाहेर, कंबरेवर हात, तोंडात तंबाखू.

‘तीन मानसाची रांग धरता येत नाई आन् सोळाची कुठून धराल? मॅडम, माह्या सोळा बाया आना. दोरी लावल्यावानी उभ्या राह्यतीन.’

‘तुम्हाला वेळ आहे?’

‘मोहफूल येचून झालं का मोकळ्याच हाओत. मजुरी रोवनीची, चहा दोन डाव.’

पुढच्या रविवारी सोळा जणी आल्या. शिरस्त्राण दिलं तर प्रत्येकीनं न सांगता पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर गुंड पालथा घातला. पितळेचं भांडं आणि डोकं यांच्यात चुंबळ लागते, एवढं त्यांना कळत होतं. आमच्या पुण्याच्या मंडळात शिरस्त्राणाखाली काय घालावं यावर अडीच वर्षं पत्रव्यवहार चालला होता.

त्या उभ्या राहिल्या. मी धुऱ्यावरून बघितलं. असली रांग मी पुण्यात नऊ वर्षांत पाहिली नव्हती. सोळा डोकी, सोळा खांदे, मध्ये सारखं अंतर. मी गरुड उंचावला आणि ओरडले, ‘चला!’

सोळाच्या सोळा जणी कंबरेत वाकल्या आणि मागे गेल्या.

रोवणी करताना बाई डाव्या हातात रोपांची जुडी धरते, उजव्या हातानं चिखलात रोप टोचते आणि एक पाऊल मागे सरते, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. पार्वताबाई चाळीस वर्षं बांधीत पुढे गेलेल्या नव्हत्या.

‘पार्वताबाई, पुढे चालायचंय!’

‘पुढं कायले? लावलेल्यावर पाय देऊ?’

‘पण काही लावलेलंच नाहीये.’

‘नाई लावलं. पन बांधी तं हाय ना!’

मी त्यांना रस्त्यावर नेलं. रस्त्यावर त्या पुढे चालल्या, पण दोघी-दोघी, तिघी-तिघी, गप्पा मारत, बाजाराला निघाल्यासारख्या. रांग म्हटलं की बांधी, आणि बांधी म्हटलं की मागे. ढाली डोक्यावर धरून कासवासारखं छप्पर करायचा रोमन डाव मात्र त्यांना एकदम पटला. छप्पर झालं, सावली पडली, आणि त्याखाली सगळ्या खाली बसल्या. तंबाखूची डबी फिरायला लागली.

चार रविवार गेले. एप्रिल उजाडला. कॉन्सुलसाहेबांचं पत्र आलं. वीस तारखेच्या रेल्वेनं निघतो, नागपूरहून गाडी करतो. पाहणीच्या वेळी पाठीमागे छत्री धरायला एका गुलामाची व्यवस्था करावी.

पत्र आवक-जावकमधून आलं होतं, म्हणजे प्रफुल्लनं वाचलेलं. त्यानं ते माझ्या टेबलावर ठेवलं. अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाला, ‘मॅडम, हे पद कोनत्या प्रवर्गातून भराचं?’

मी हसले. तो हसला नाही. पुण्यात आमचा गुलाम कोण असायचा ते मला आठवलं. चहा आणणारा पोऱ्या. दर वेळी तोच, आणि त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. गुलाम होण्यासाठी सभासद व्हावं लागत नाही, असं कॉन्सुलसाहेब गमतीनं म्हणत, आणि आम्ही हसत असू. मी दुपारी बाजारातून सुतळी आणली. छत्री खुर्चीलाच बांधायची ठरवली.

आणि त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मला सुचलं. सैन्य फिरवता येत नाही ना? मग कॉन्सुल फिरवावा. खुर्ची बांधीच्या शेवटच्या टोकाला, धुऱ्याला टेकवून, बायांच्या पाठीमागे मांडायची. ढाली पाठीला बांधायच्या, लाल उपरणी ढालीवरून सोडायची. शिरस्त्राणाला पुढची बाजू नव्हतीच. बाया मागे जातील, कॉन्सुलला वाटेल पुढे येताहेत. धनीरामनं झापडं न लावून माझ्यावर केवढे उपकार केले होते ते तेव्हा कळलं.

‘म्हंजे त्याले फसवाचं,’ पार्वताबाई म्हणाल्या.

‘फसवायचं नाही. बाजू बदलायची.’

‘हाव, तेच.’

एकवीस तारखेला सव्वासातला कॉन्सुलसाहेब टोगा नेसून गाडीतून उतरले. शुद्ध लोकर. ऊन चढायला लागलं होतं. ‘उषाताई, वातावरण अगदी आफ्रिकेच्या मोहिमेसारखं आहे,’ असं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि मागे वळून छत्री बांधलेली सुतळी बघून थोडे नाराज झाले. पलीकडच्या बांधीत उन्हाळी धान उभं होतं, पाणी सोडलेलं.

मी बांधीच्या दुसऱ्या टोकाला गेले, गरुड वर केला, ओरडले, ‘चला!’

लाल ढालींची भिंत कॉन्सुलच्या दिशेनं निघाली. वर सोळा पितळी शिरस्त्राणं तळपत होती. बाया वाकल्यामुळे पलटण ढालीमागे दबा धरून येतेय असं वाटत होतं, जे अगदी पुस्तकात आहे तसंच. फक्त टाचा पुढे पडत होत्या, पण टाचांकडे कोण बघतं! कॉन्सुलसाहेब उभे राहिले. त्यांनी कॅमेरा काढला. ‘अप्रतिम!’ त्यांचा आवाज इकडे ऐकू आला. ‘उषाताई, पुण्यात असं कधी जमलं नाही!’

नऊ वर्षांत त्यांनी माझं कौतुक केलं ते हे पहिलं. मी मोजत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

‘थांबा!’ मी ओरडले.

एकेचाळीस. बेचाळीस.

‘पार्वताबाई, थांबा!’

‘काहून? धुरा नाई आला अजून!’

बांधी अर्धी सोडून बाई सरळ होत नाही, हे मी विचारात घेतलं नव्हतं. कॉन्सुलसाहेबांनी हात वर केला. भिंत येतच होती. ते एक पाऊल मागे झाले, खुर्ची लागली. पहिली ढाल त्यांच्या पोटाला टेकली आणि मग खुर्ची, छत्री, लोकर आणि कॉन्सुल सगळे मिळून धुऱ्यावरून पलीकडच्या पाण्यात गेले. धुऱ्याला टाच लागली तशा सोळाही जणी कंबर सरळ करून वळल्या.

‘अवं माय, मानूस पडला!’

प्रफुल्लनं त्यांना हात देऊन वर काढलं. गुडघ्यापर्यंत चिखल, टोग्याचं वजन दुप्पट. समोर सोळा बाया, नऊवारीतल्या, घामेजलेल्या, डोक्यावर गुंड. कॉन्सुलसाहेबांनी एकेकीचा चेहरा बघितला, पायांकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं, म्हणजे तीन पावलं. प्रफुल्ल तिथेच होता, पण तो त्यांना दिसत नव्हता.

‘उषाताई, पुढे ते पुढेच. नियम मोडलाय. पण मी अहवालात तसं लिहिणार नाही. गरुड तुमच्याकडे राहू दे.’

‘खरंच?’

‘एकच करा. डिसेंबरमध्ये आपला मोठा कार्यक्रम आहे. रोमचा बाजार उभा करतोय. त्याला सहा-सात गुलाम लागतात. आपले लोक काजळी फासली तरी तसे दिसत नाहीत हो. यांच्यातल्या पाठवा. काही करावं लागणार नाही, दिसायला अस्सल आहेत.’

मी लगेच नाही म्हटलं, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. मी लगेच काहीच म्हटलं नाही. माझ्या हातात गरुड होता, आणि मी विचार करत होते की त्यांना गाडीभाडं मिळेल, पुणं बघणं होईल, आणि ‘गुलाम’ हा शब्द त्यांना सांगायलाच हवा असं कुठे आहे. एवढा सगळा विचार मी केला. मग प्रफुल्लकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, त्या दिवशी ते पत्र टेबलावर ठेवताना बघत होता तसा.

‘काय म्हन्ते साहेब?’ पार्वताबाईंनी विचारलं.

मी बोलेना, म्हणून प्रफुल्लनं सांगितलं. ‘मावशी, साहेब म्हन्ते पुन्याले चला. गुलाम म्हनून. त्यायच्यावर छत्री धराले.’

पार्वताबाईंनी कॉन्सुलसाहेबांना वरून खालपर्यंत, म्हणजे चिखलापर्यंत, नीट न्याहाळलं. ‘काहून? त्यायच्या हाताले काय झालं?’

त्यांनी अगदी काळजीनं विचारलं. त्यांच्या मागे कुणीतरी फिसकन हसली, मग दुसरी, मग सोळा. पितळ पितळेवर आपटायला लागलं. कॉन्सुलसाहेबही भिजल्या टोग्यात कसंनुसं हसले, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. त्या हसण्यात माझा गाडीभाड्याचा हिशेब वाहून गेला. मी पुढे झाले, गरुडाची काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘सहचिटणीसांना सांगा, डावा पंख सांभाळून धरा.’

गाडीत काठी मावेना. मागची काच उतरवून ती तिरपी घातली. गरुड आंबागडच्या रस्त्यानं चोच बाहेर काढून गेला. सहचिटणीसांनी तो पुढे अकरा वर्षं धरला म्हणे.

भंडाऱ्यात ही गोष्ट माझ्या आधी पोचली. चंद्रभागाबाई दारातच उभ्या होत्या. ‘रडाचा सीन टाकला असता तं साहेब पडलाच नसता,’ म्हणाल्या. ऑफिसात माझी मान महिनाभर खाली होती; प्रफुल्ल मात्र पहिल्यासारखाच टपाल ठेवून जायचा. एकदा टपालाबरोबर म्हणाला, ‘मॅडम, मावशीनं रोवनीले बोलावलं हाय. म्हन्ते, रांग कशाले म्हन्तेत ते आता तुमी शिकाले या.’

जुलैत गेले. पातळ खोचलं, पोटरीएवढ्या चिखलात उतरले, डाव्या हातात जुडी घेतली आणि पार्वताबाईंच्या शेजारी वाकले. दहा मिनिटांत त्यांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. माझी ओळ शेजारणीच्या ओळीत शिरली होती. नऊ वर्षं पलटणीच्या पुढे चाललेल्या बाईला त्यांनी बांधीच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. ‘इथं लावा. इथं वाकडं झालं तं रस्त्यावरून दिसत नाई.’

थोड्या वेळानं रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता. चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी चिखलात बघून त्यानं पाय टेकला.

‘पार्वताबाई, हे कोन जी?’

‘आमच्यातलीच हाय,’ पार्वताबाई मान वर न करता म्हणाल्या. ‘कच्ची हाय अजून.’

मी एक पाऊल मागे गेले.